शाळेतले दुपारचे इंजेक्शन कोण देणार?

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, शाळेत याच्याकडे कोण बघणार?" या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या शाळांत खरूज, उवा किंवा डोळ्यांत खुपऱ्या आढळलेल्या मुलांना घरी पाठवत. घरी उपचार होत नसत आणि मूल शाळेबाहेरच राही. लिलियन वॉल्ड यांनी लीना रॉजर्स या नर्सला महिनाभरासाठी चार शाळांत पाठवले. त्या शाळेतच औषध लावत, घरी जाऊन आईला समजावत. वर्षभरात घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली. मूल शाळेत टिकावे, हेच शाळेच्या नर्सचे मूळ काम.

मधुमेही मुले मात्र तेव्हा फार काळ जगतच नसत. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिन मिळाले आणि चित्र पालटले. १९३६ मध्ये जास्त वेळ टिकणारे इन्सुलिन आले. त्यानंतर बरीच मुले सकाळी घरीच इंजेक्शन घेऊन शाळेत जाऊ लागली.

१९९३ साली अमेरिका-कॅनडातील १,४४१ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दिवसातून तीन-चार वेळा इन्सुलिन घेऊन साखर काटेकोर ठेवली, तर डोळे, मूत्रपिंडे व नसा यांची हानी बरीच टळते, असे दिसले. साहजिकच एक इंजेक्शन डब्याच्या सुट्टीत आले. पण ते देणार कोण?

कॅलिफोर्नियात हा वाद न्यायालयात गेला. इंजेक्शन देणे हे नर्सचेच काम, असे नर्सच्या संघटनांचे म्हणणे होते. पालक विचारत होते, "नर्स नसेल त्या दिवशी काय?" दोघांनाही मुलाचीच काळजी होती. २०१३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : डॉक्टरांची लेखी सूचना आणि पालकांची संमती असेल, तर प्रशिक्षित शाळा कर्मचारीही इन्सुलिन देऊ शकतो.

आपल्याकडे बहुतेक शाळांत नर्स नसते, म्हणून हा निकाल आपल्यालाही विचार करायला लावतो. सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या वर्गात साखरेच्या गोळ्या व खाऊ नेण्याची परवानगी दिली. उरलेले काम पालक आणि शाळेने मिळून करायचे आहे.

वर्गशिक्षकांना डॉक्टरांची लेखी सूचना द्या. घाम, थरथर, चिडचिड किंवा गोंधळलेपणा दिसला, तर साखर ७० च्या खाली गेली असू शकते, हे त्यांना सांगा. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. मुलाला एकटे घरी पाठवू नये. बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही न देता तातडीने रुग्णालयात न्यावे.

एवढे जाणणारी एक व्यक्ती शाळेत असली, तरी तुमचे मूल निर्धास्तपणे वर्गात बसू शकते.