बैल, चिंपांझी आणि उघडी पेटी

होसे देल्गादो यांचे नाव निघाले की १९६३ मधील कोर्दोबाचा बैल आठवतो: अंगावर धावून येणारा, आणि मेंदूतील तारेला रेडिओ-संदेश मिळताच थबकणारा. आमच्या मते या प्रसंगाला अवास्तव महत्त्व मिळाले. तेथे कळ दाबणारा माणूसच होता. अधिक मूलगामी प्रयोग झाला तो पॅडी या चिंपांझीवर. १९७० मध्ये तो प्रसिद्ध झाला. पॅडीच्या मेंदूतील अमिग्डाला या भागात विशिष्ट लहरी उमटल्या की संगणकच त्या ओळखी आणि मेंदूच्या दुसऱ्या भागाला अप्रिय विद्युत्-झटका देई. काही दिवसांत त्या लहरी जवळजवळ लोपल्या. चाचण्यांतील पॅडीचा उत्साहही ओसरला.

मायकेल क्रायटन यांच्या ‘द टर्मिनल मॅन’ (१९७२) या कादंबरीत हेच चक्र उलटते: झटक्याच्या सुखासाठी मेंदूच फेफरे ओढवून घेऊ लागतो. (आमच्या अभ्यासक्रमांत अशा कादंबऱ्यांना सहसा प्रवेश नसतो!) फेफऱ्यावरील असे रोपणयंत्र अमेरिकेत २०१३ मध्ये मान्य झाले, त्याची आज्ञावली मात्र कंपनीच्या मालकीची.

जॉश सीगल व याकोब फॉइग्ट्स यांनी एमआयटीत असताना उभारलेला ‘ओपन इफिज’ प्रकल्प म्हणूनच आम्हांला महत्त्वाचा वाटतो. येथे यंत्राचे आराखडे आणि आज्ञावली दोन्ही खुली. खर्चही बाजारातील संचांहून बराच कमी. उंदराच्या मेंदूतील लहर कोणती मर्यादा ओलांडते तेव्हा झटका द्यायचा, तो आकडा विद्यार्थ्यालाही वाचता येतो, बदलता येतो. उंदराला अर्थातच कोणी विचारत नाही. पॅडीलाही विचारले नव्हते.