दोनशे एक्कावन्न रुपये, सकाळी सहा वाजता

नवी वस्तू ऑनलाइन विकायला काढणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला एकच धास्ती असते: विक्री सुरू केली आणि कुणी फिरकलंच नाही तर? नोएडाच्या रिंगिंग बेल्स या कंपनीचं नेमकं उलटं झालं. फेब्रुवारी २०१६ मध्ये जेमतेम काही महिन्यांच्या या कंपनीने ‘फ्रीडम २५१’ नावाचा स्मार्टफोन २५१ रुपयांना द्यायचं जाहीर केलं आणि गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. संकेतस्थळ कोसळलं, एवढीच विक्रीच्या दिवसाची मोठी बातमी झाली. खरं संकट मात्र त्याच्या आधीच ठरून गेलं होतं.

१६ फेब्रुवारी. विक्रीला सुमारे ३६ तास बाकी.

पाचशे रुपयांच्या आतला स्मार्टफोन येतोय, अशी बातमी पसरते. फोन कुणी पाहिलेला नाही, कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नाही. छोट्या कंपनीला एरवी लाखो रुपये ओतूनही मिळत नाही एवढी प्रसिद्धी फुकटात मिळते. गोदामात किती नग तयार आहेत, हे विचारायची हीच वेळ होती. त्या दिवशी चर्चा झाली ती किमतीचीच.

१७ फेब्रुवारी. १८ तास बाकी.

किंमत उघड होते: २५१ रुपये, घरपोच पाठवणीचे ४० वेगळे. चार इंची पडदा, १ जीबी रॅम, ८ जीबी साठवण, १४५० एमएएच बॅटरी, वर एक वर्षाची वॉरंटी. फोन ३० जूनपर्यंत मिळेल. म्हणजे पैसे आज, माल चार महिन्यांनी.

मोबाइल उत्पादकांची संघटना याच सुमारास सरकारला कळवते, की असा फोन सर्वांत स्वस्त बाजारातून सुटे भाग आणून जोडला तरी भागांचाच खर्च २,७०० रुपयांच्या आसपास जातो. कंपनीचं उत्तर तयार असतं: भारतात जोडणी केल्याने शुल्क वाचेल, मधले विक्रेते नसतील आणि खप प्रचंड असेल. खप वाढला की दर नगामागचा खर्च उतरतो, हे खरंच. पण तो दहा टक्के उतरेल, वीस टक्के उतरेल. दहावा हिस्सा होणार नाही.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळ. १२ तासांहून कमी.

दिल्लीत अनावरणाचा थाट. व्यासपीठावर ज्येष्ठ नेते मुरली मनोहर जोशी. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर येणार म्हणून जाहीर झालेलं, ते आलेच नाहीत. पत्रकारांच्या हाती नमुन्याचे फोन पडतात आणि काहींच्या लक्षात येतं, की पुढच्या बाजूला व्हाइटनरचा थर आहे. तो खरवडल्यावर खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव निघतं: अॅडकॉम. अॅडकॉमचा तो फोन बाजारात काही हजारांना विकला जाणारा.

विक्रीला रात्र उरलेली असताना दाखवायला स्वतःचा एकही फोन नाही. तारीख पुढे ढकलायची ही शेवटची संधी होती.

१८ फेब्रुवारी, सकाळी ६. शून्य तास.

नोंदणी खुली होते. मुदत २१ तारखेच्या रात्री आठपर्यंत. लोक पहाटेपासून मोबाइल, लॅपटॉप उघडून बसलेले. नाव, पत्ता, पिनकोड भरायचा, ‘पैसे भरा’वर बोट ठेवायचं आणि पुढे कोरं पान. परत सुरुवातीपासून. अशा वेळी माणूस दमून उठत नाही, तो पान पुन्हा पुन्हा ताजं करत राहतो. दबलेल्या सर्व्हरवरचा भार त्यानेच आणखी वाढतो.

पुढचे काही तास.

संकेतस्थळावर निवेदन झळकतं: सेकंदाला सुमारे ६ लाख हिट्स येत आहेत, यंत्रणा वाढवण्यासाठी थांबतो आहोत, २४ तासांत परत येऊ. हा आकडा गुणून पाहावा. तासाला २१६ कोटी. देशाची लोकसंख्या तेव्हा १३० कोटींच्या आसपास. अर्थात हिट म्हणजे माणूस नव्हे. एक पान उघडताना चित्रं, मजकूर, बटणं मिळून डझनावारी मागण्या सर्व्हरकडे जातात. तरी यशाची बढाई म्हणून दिलेला हा आकडा तयारी नसल्याची कबुलीच होता.

दिवसअखेर.

कंपनीच्या सांगण्यानुसार पहिल्या दिवशी सुमारे ३० हजार जणांचे पैसे जमा झाले. संघटनेचा हिशेब धरला तर प्रत्येक फोनमागे २,४४९ रुपयांची तूट. ३० हजार फोनांना ती होते ७ कोटी ३४ लाखांच्या वर, आणि फोनांच्या किमतीपोटी हातात आलेली रक्कम पाऊण कोटी. पुढे कंपनीने नोंदणीचा आकडा सात कोटींच्या घरात सांगितला. तेवढे फोन द्यायचे तर तूट १७ हजार कोटींच्या पुढे. म्हणजे सर्व्हर बंद पडला म्हणून त्या दिवशी तोटा झाला नाही. उलट तो चालू राहिला असता तर खड्डा तासातासाला खोल होत गेला असता.

त्यानंतर.

ईशान्य मुंबईचे तेव्हाचे खासदार किरीट सोमय्या हा सगळा प्रकार फसवणुकीचा असल्याचा आरोप करतात. मार्चमध्ये त्यांच्या तक्रारीवरून नोएडात गुन्हा नोंदवला जातो. आधीच फेब्रुवारी संपता संपता कंपनीने त्या ३० हजार ग्राहकांचे पैसे परत करण्याचं जाहीर केलेलं असतं. आता फोन हातात पडल्यावरच पैसे. जूनची तारीख टळते. जुलैत पाच हजार फोन पाठवत असल्याचं कंपनी सांगते. फेब्रुवारी २०१७ मध्ये एका वितरकाच्या तक्रारीवरून संस्थापकाला अटक होते.

कंपनीचा हेतू काय होता, ते न्यायालयाने ठरवावं. पण आडातच नाही ते पोहऱ्यात येणार नव्हतं, हे समजायला न्यायालय लागत नाही. मसाले विका, साड्या विका किंवा फोन. विक्री उघडण्याच्या आदल्या दिवशी तीन आकडे कागदावर मांडा: एक नग घरातून निघेपर्यंतचा पूर्ण खर्च, आज हाताशी असलेले नग आणि दिवसाला बांधून पाठवता येतील एवढी पार्सलं. पहिल्या आकड्याच्या खाली किंमत लावू नका, आणि उरलेल्या दोहोंतला जो लहान, तेवढ्याच नोंदण्या पैसे घेऊन स्वीकारा. बाकीच्यांची नावं प्रतीक्षायादीत लिहा, पैसे घेऊ नका. गर्दी वाढलीच, तर निदान ती तुमच्या देण्याचा डोंगर वाढवणार नाही.