बॉनेटखालची मोजमापे

मूळ इंजिन काढून त्याच्या जागी दुसऱ्या घराण्यातले, बहुधा अधिक मोठे इंजिन बसवण्याची प्रथा ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारींच्या जगात दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली, आणि तिच्या मुळाशी दोन देशांच्या परिस्थितीतील तफावत होती. वळणावर चपळ अशा हलक्या, दोन आसनी गाड्या घडवण्याचे कसब ब्रिटनमध्ये मुबलक होते, परंतु नवे मोठे इंजिन विकसित करण्याइतके भांडवल तेथील लहान कारखान्यांपाशी नव्हते. उलट अमेरिकेत ‘व्ही-एट’ इंजिने, म्हणजे व्ही अक्षराच्या दोन बाजूंसारख्या दोन ओळींत आठ सिलिंडर मांडलेली इंजिने, प्रचंड संख्येने आणि म्हणून स्वस्तात तयार होत होती. सिडनी ॲलार्ड यांच्या लंडनमधील कारखान्यातून जे-टू ही गाडी अनेकदा इंजिनाविनाच अमेरिकेला जाई आणि तेथे तिच्यात कॅडिलॅकचे इंजिन बसवले जाई. १९६१ मध्ये टेक्सासचे शर्यतपटू कॅरोल शेल्बी यांनी एसी कंपनीपुढे तिच्या ‘एस’ या गाडीत अमेरिकी व्ही-एट बसवण्याचा प्रस्ताव मांडला, आणि पुढच्याच वर्षी फोर्डचे इंजिन घेतलेली कोब्रा अवतरली.

या गाड्यांच्या यशाचे श्रेय सहसा अश्वशक्तीला दिले जाते. प्रत्यक्षात अशा प्रत्येक बदलाचे भवितव्य शक्तीपेक्षा लांबी, रुंदी आणि वजन यांनीच ठरवलेले दिसते, आणि सनबीम टायगरचा जन्म हा याचा उत्तम दाखला आहे. रूट्स कंपनीच्या सनबीम अल्पाइन या गाडीत कोणते व्ही-एट मावेल हे शोधण्याचे काम कंपनीचे अमेरिकेतील अधिकारी इयन गॅराड यांनी आपल्या सेवा विभागाच्या प्रमुखावर सोपवले, आणि त्या गृहस्थांनी हाती लाकडी मोजपट्टी घेऊन निरनिराळ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांकडे जाऊन इंजिने मोजली. त्यातून निवड झाली ती फोर्डच्या सुमारे ४.२ लिटर क्षमतेच्या आटोपशीर इंजिनाची. तरीही जागा पुरेना, म्हणून स्टिअरिंगची यंत्रणाच बदलावी लागली. गाड्यांची जोडणी ज्या जेन्सन कारखान्यात होई, तेथे कामगार इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्याच्या भिंतीवर घण घालून इंजिनाला वाट करून देत. एका स्पार्क प्लगपर्यंत तर बॉनेट उघडूनही हात पोहोचत नसे, आणि त्यासाठी गाडीच्या आत त्याच भिंतीला ठेवलेल्या भोकातले रबरी बूच काढून पाना घालावा लागे. १९६४ साली बाजारात आलेली ही गाडी तीन वर्षांत बंद पडली, कारण रूट्स कंपनी क्रायस्लरच्या ताब्यात गेली आणि प्रतिस्पर्धी फोर्डचे इंजिन विकत राहणे नव्या मालकांना परवडणारे नव्हते. क्रायस्लरचे स्वतःचे व्ही-एट त्या जागेत बसत नव्हते.

वजनाचा धडा मात्र एमजीबीच्या इतिहासातून अधिक स्पष्ट होतो. १९६२ पासून एमजी कंपनीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात तयार होणाऱ्या या गाडीत १,७९८ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे बिडाचे इंजिन होते. अधिक वेगवान भावंड म्हणून कंपनीने १९६७ मध्ये सहा सिलिंडरांचे जवळपास तीन लिटरचे इंजिन घातलेली एमजीसी आणली, परंतु तेही बिडाचेच आणि मूळ इंजिनापेक्षा सुमारे ९५ किलोंनी जड असल्याने पुढच्या चाकांवर भार वाढला, वळणे घेताना गाडी नाक बाहेर टाकू लागली, समीक्षकांनी तिला झोडपले आणि दोनच वर्षांत ती बंद करावी लागली.

एका सामान्य कार्यशाळेला जे साधले ते एवढ्या मोठ्या कंपनीला साधले नाही, ही या इतिहासातली खरोखर विलक्षण गोष्ट आहे. ज्या इंजिनामुळे ते साधले त्याचा प्रवासही तितकाच वळणावळणाचा आहे. जनरल मोटर्सने १९६१ च्या ब्यूक व ओल्ड्समोबिल गाड्यांसाठी केलेले साडेतीन लिटरचे ॲल्युमिनियमचे व्ही-एट ओतकामातील अडचणी आणि खर्च यांमुळे दोन-तीन वर्षांतच सोडून दिले गेले. रोव्हर कंपनीच्या अमेरिकेतील प्रमुखांनी ते बोटींची इंजिने बनवणाऱ्या एका कारखान्यात पाहिले, रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले, आणि १९६७ पासून ते रोव्हरच्या मोठ्या, प्रतिष्ठित गाड्यांत दिसू लागले. आठ सिलिंडर असूनही त्याचे वजन एमजीबीच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाहून अधिक नव्हते. शर्यतपटू केन कॉस्टेलो यांनी हे हेरले आणि सत्तरीच्या दशकाच्या तोंडावर केंट परगण्यात एमजीबीमध्ये हेच इंजिन बसवून गाड्या विकायला सुरुवात केली, तेव्हा गाडीचा तोल जवळजवळ तसाच राहून तिची ताकद मात्र कितीतरी वाढली.

तोवर एमजीची मालक असलेल्या ब्रिटिश लेलँडने कॉस्टेलो यांची गाडी मागवून पाहिली आणि ऑगस्ट १९७३ मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-एट बाजारात आणली. कारखान्याने केलेले बदल पाहिले की इंजिनाच्या मागे किती कामे रांग लावून येतात हे कळते. कॉस्टेलो यांनी उंच कार्ब्युरेटरसाठी बॉनेटला फुगवटा दिला होता. कारखान्याने कार्ब्युरेटर मागे सरकवून मूळ बॉनेट कायम ठेवले. एक्झॉस्टच्या नळ्यांसाठी आतल्या पत्र्यांचा आकार बदलला आणि रेडिएटर पुढे नेला. मागच्या आसाचे गुणोत्तर, म्हणजे चाक एकदा फिरण्यासाठी गिअरबॉक्सकडून येणाऱ्या दांड्याला किती वेळा फिरावे लागते तो आकडा, ३.९ वरून ३.०७ वर आणले, कारण जोरकस इंजिनाला आखूड गुणोत्तराची गरज नव्हती. गिअरबॉक्स मात्र या जोरापुढे कमकुवतच ठरला, आणि तिसऱ्या गिअरवरील ओव्हरड्राइव्ह, म्हणजे चालत्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे कमी करणारी जोडयंत्रणा, पुढे काढून टाकावी लागली. गाडी बाजारात येऊन दोन महिने होतात तोच तेलसंकट कोसळले. अमेरिकेची बाजारपेठ तिला कधी खुलीच झाली नाही, आणि १९७६ मध्ये २,५९१ गाड्यांनंतर उत्पादन थांबले.

याच्या नेमकी उलट दिशा भारतात दिसते. रोव्हरच्या ज्या एसडी-वन गाडीत हे व्ही-एट शोभून दिसे, तिचाच सांगाडा घेऊन मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये ‘स्टँडर्ड २०००’ काढली, परंतु तिच्यात बसवले ते जुन्या व्हॅनगार्ड गाडीच्या वंशातले दोन लिटरचे इंजिन. एका पिढीपूर्वी याच घराण्याच्या इंजिनाने ट्रायम्फ टीआर-टू या हलक्या स्पोर्ट्स गाडीला नाव मिळवून दिले होते. एसडी-वनच्या भारदस्त देहाला मात्र ते अपुरे पडले आणि गाडी काही वर्षांतच इतिहासजमा झाली.

एमजीबीच्या व्ही-एटचा वारसा तिच्या अल्प संख्येपेक्षा कितीतरी मोठा ठरला. १९७४ च्या अखेरीपासून रबरी बंपर घेऊन आलेल्या साध्या एमजीबींच्या पुढच्या भागात व्ही-एटसाठी केलेले बरेच बदल कायम राहिले, आणि चार सिलिंडरांच्या या हजारो गाड्या जणू मोठ्या इंजिनाची जागा राखूनच रस्त्यावर आल्या. म्हणूनच असा बदल करू पाहणारे जाणकार आजही इंजिन शोधण्याआधी गाडी कोणत्या साली बनली हे पाहतात. जुन्या, क्रोमच्या बंपरच्या गाडीत आतला पत्रा कापावा किंवा ठोकावा लागतो, आणि एकदा कापलेला मूळ पत्रा पूर्ववत होत नाही.