लोकमान्यांचे दोन जामीनअर्ज

१/ कारध्याचे पोलीस ठाणे असो वा मुंबईचे उच्च न्यायालय, जामीन झाला की लोक म्हणतात, 'सुटला!' वस्तुतः खटला तेव्हा संपलेला नसतो. मग जामीन कशासाठी? टिळकांवरील दोन राजद्रोह खटल्यांतून याचे उत्तर शोधू.

२/ आधी शब्द पाहू. तो इंग्रजांच्या पूर्वीपासून आपल्या कागदपत्रांत आहे. पैशाची हमी घेणारा तो मालजामीन आणि माणसाला वेळेवर हजर करण्याची हमी घेणारा तो हाजीरजामीन. फौजदारी जामिनाचे मूळ तत्त्व या दुसऱ्या शब्दात दडले आहे.

३/ २७ जुलै १८९७. 'केसरी'तील लेखनाबद्दल टिळकांना मुंबईत अटक झाली. दंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला. उच्च न्यायालयात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांनीही नाकारला.

४/ ४ ऑगस्टला अर्ज न्या. बद्रुद्दीन तय्यबजींपुढे आला. टिळकांची बाजू बॅरिस्टर दिनशा दावर यांनी मांडली. आरोपी खटल्याला हजर राहील का, हा तय्यबजींच्या दृष्टीने मुख्य प्रश्न होता. शिवाय बचावाची तयारी करण्याची संधी त्याला मिळायला हवी. जामीन मंजूर झाला.

५/ रक्कम ५०,००० रुपये, त्याखेरीज प्रत्येकी २५,००० चे दोन जामीनदार. मुंबईचे धनिक द्वारकादास धरमसी जामीन राहिले. खटल्यापूर्वीचा महिना टिळकांना मोकळा मिळाला. कलकत्त्याहून बॅरिस्टर पग बचावासाठी आले. तरीही ज्यूरीने ६ विरुद्ध ३ मतांनी दोषी ठरवले आणि १८ महिने सक्तमजुरी झाली. पण ठरल्या दिवशी टिळक न्यायालयात हजर होते. हमी पाळली गेली.

६/ २४ जून १९०८. पुन्हा राजद्रोहाचा आरोप, पुन्हा अटक. या वेळी जामिनासाठी बॅरिस्टर जिना उभे राहिले आणि त्यांनी १८९७ च्या निर्णयाचा आधार घेतला. समोर न्यायासनावर होते तेच दिनशा दावर! त्यांनी अर्ज फेटाळला आणि कारणे देण्याचे टाळले.

७/ टिळकांनी तुरुंगातूनच तयारी केली आणि बचावाचे भाषण स्वतः केले. २२ जुलैला ज्यूरीचा कौल ७ विरुद्ध २ असा आला. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावण्यात आली, ती त्यांनी मंडालेत भोगली. अकरा वर्षांपूर्वी जामिनावर सुटून हजर राहिलेला हाच आरोपी होता. बदलला होता तो राजकीय काळ.

८/ टिळकांसाठी २५,००० चा जामीनदार उभा राहिला. गरिबासाठी कोण राहणार? १९७८ च्या मोतीराम प्रकरणात एका गवंड्याकडे १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला होता. त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून भावाची हमीही नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्यास सांगितले.

९/ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ त्याच वाटेवर आहे. पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एकतृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला, की त्याला सोडावे; इतरांसाठी ही मर्यादा निम्मी. मात्र फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसेच अनेक खटले प्रलंबित असणाऱ्यांना ही सवलत नाही.

१०/ म्हणून पुढच्या वेळी जामिनाची बातमी वाचाल, तेव्हा 'सुटला कसा?' याआधी तय्यबजींचा प्रश्न विचारा: हा माणूस खटल्याला हजर राहील का? राहणार असेल, तर दोष सिद्ध होण्यापूर्वीची कोठडी ही निकालाआधीची शिक्षाच ठरते.