फ्लॉइड, पण रेगेच्या ठेक्यात

रॉक गाण्यांची रेगे कव्हर्स म्हणजे निव्वळ टाइमपास, असं कट्टर रॉकवाले म्हणतात. मला नाही पटत. बॉब मार्लेचं १९७३ चं 'आय शॉट द शेरीफ' एरिक क्लॅप्टननं १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्या नंबरवर नेलं, त्याला कोण टाइमपास म्हणतं?

उलट्या दिशेचं माझं लाडकं उदाहरण म्हणजे 'डब साइड ऑफ द मून'. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'द डार्क साइड ऑफ द मून' न्यूयॉर्कच्या ईझी स्टार ऑल-स्टार्सनी २००३ मध्ये अख्खाच्या अख्खा रेगेत वाजवला. 'मनी'च्या सुरुवातीला नाणी खणखणायची, तिथे आता लायटर, गुडगुड आणि ठसका... (कसला ते सांगायला नको!)

पण विनोद तेवढाच. रेगेत पहिली मात्रा बऱ्याचदा मोकळी सोडतात, ठोका तिसरीवर पडतो. त्या मोकळ्या जागेत फ्लॉइडचे लांबलचक सूर मस्त पसरतात. आणि हा योगायोग नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला फ्लॉइडवाले लंडनच्या अ‍ॅबी रोडमध्ये टेप कापून-जोडून, एको देऊन खेळत होते, तेव्हाच तिकडे किंग्स्टनमध्ये किंग टबी तयार गाण्यांतला आवाज काढून, उरलेल्यावर एको चढवून 'डब' घडवत होता. दोघांचंही खरं वाद्य एकच, स्टुडिओ!