टेलच्या शेताला पाणी कोणी द्यायचे? फडापासून २००५ च्या कायद्यापर्यंत

१/ कालव्याच्या मुखाजवळच्या शेताला पाणी सहज मिळते. टेलच्या, म्हणजे शेवटच्या शेतापर्यंत ते कोणीतरी पोहोचवावे लागते. हे काम कोणाचे, या प्रश्नाला महाराष्ट्राने वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा हा धागा. 🧵

२/ खानदेश-बागलाणात पांझरा, मोसम, गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धत शतकानुशतके चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे साधारणतः तीन-चार फड. एका फडात एकच पीक आणि पिकांची ठरलेली फेरपालट.

३/ या पद्धतीचे मर्म जमिनीच्या वाटणीत होते. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात असे. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवला जाई आणि झळ सर्वांनाच थोडीथोडी बसे. पाणी प्रत्येकाने आपापले घ्यायचे नसे. सर्वांच्या शेतांना ते पाटकरी देई. त्याचा मोबदला शेतकरीच देत.

४/ इंग्रजी अमदानीत मोठे कालवे झाले. मुंबई पाटबंधारे कायदा १८७९ चा. या कालव्यांवर पाणीवाटपाची सत्ता सरकारी खात्याकडे गेली. फडातला भागीदार येथे अर्जदार झाला: हंगामाआधी अर्ज, मग मंजुरी, मग पाणीपट्टी.

५/ मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नोकरीच्या आरंभी खानदेशात काम केले होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. विखुरलेल्या उसामुळे पाण्याची नासाडी होई. म्हणून ठरावीक ब्लॉकमध्ये ऊस आणि इतर पिके आळीपाळीने घ्यायची. फडाशी तिचे साम्य उघड आहे. मात्र वाटपाचे अधिकार खात्याकडेच राहिले.

६/ १९७२ च्या दुष्काळाने वेगळाच प्रश्न पुढे आणला: ज्याला जमीनच नाही, त्याचा पाण्यावर हक्क नाही काय? पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने पाण्याचा वाटा कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरवला, भूमिहीनांना हक्क दिला आणि ऊस वर्ज्य केला. फड पद्धतीत भूमिहीनाला असे स्थान नव्हते.

७/ नाशिक जिल्ह्यात ओझर येथे वाघाड धरणाच्या कालव्यावर टेलच्या शेतकऱ्यांना पाणी मिळत नव्हते. बापूसाहेब उपाध्ये आणि समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या आरंभी तेथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. खात्याकडून पाणी मोजून घ्यायचे, सभासदांत वाटायचे, पट्टी संस्थेनेच वसूल करायची. पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती आले.

८/ २००५ साली ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन’ हा कायदा झाला. संस्थेला घनमापन पद्धतीने पाणी, मिळालेल्या कोट्यात पिकाचे स्वातंत्र्य आणि संचालक मंडळात मुख, मध्य व टेल अशा तिन्ही भागांना प्रतिनिधित्व.

९/ तरीही अनेक पाणीवापर संस्था कागदावरच राहिल्या. फडात टंचाईची झळ सर्वांना बसे, म्हणून नियम पाळणे सर्वांच्या हिताचे होते. कालव्यावर मुखाजवळच्या शेतकऱ्याला टेलची टंचाई जाणवत नाही. त्याच्या दारापाशी पाणी थांबवण्याचा अधिकार संस्थेला प्रत्यक्षात वापरता येतो काय, यावर टेलचे पीक अवलंबून असते.