यवतमाळ कीटकनाशक विषबाधा प्रकरण, २०१७

यवतमाळ कीटकनाशक विषबाधा प्रकरण हे महाराष्ट्राच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरीप हंगामात कापसावर फवारणी करताना शेतकरी व शेतमजुरांना झालेल्या सामूहिक विषबाधेचे आणि त्यानंतरच्या कायदेशीर लढ्याचे प्रकरण आहे. जुलै ते ऑक्टोबर या काळात जिल्ह्यात २० पेक्षा अधिक व्यक्तींचा मृत्यू झाला व सुमारे ८०० जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. यातून उद्भवलेले दावे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापासून स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराच्या न्यायालयापर्यंत पोहोचले.

== पार्श्वभूमी ==
यवतमाळ हा विदर्भातील प्रमुख कापूस उत्पादक जिल्हा आहे. वणी, मारेगाव, झरी जामणी, केळापूर, राळेगाव, घाटंजी, आर्णी यांसह १६ तालुक्यांच्या या जिल्ह्यात बहुतांश शेती कोरडवाहू आहे. जिल्ह्याच्या पूर्व भागातील वणी हे शहर कापसाची बाजारपेठ आणि कोळसा खाणी यांसाठी ओळखले जाते.

बीटी कापसाच्या प्रसारानंतर बोंडअळीसाठीची फवारणी काही वर्षे कमी झाली होती. मात्र गुलाबी बोंडअळीत प्रतिकारक्षमता निर्माण झाली, तसेच तुडतुडे, फुलकिडे व पांढरी माशी या रसशोषक किडींचा उपद्रवही वाढला. त्यामुळे कीटकनाशकांचा वापर पुन्हा वाढला.

== कारणे ==
२०१७ मध्ये कापसाची झाडे नेहमीपेक्षा उंच व दाट वाढली. अनेक शेतांत ती माणसाच्या छातीच्या वर गेल्याने फवाऱ्याचे तुषार थेट चेहऱ्यावर व श्वासात जात होते. उष्ण व दमट हवेत घामाने भिजलेल्या कपड्यांतून रसायन त्वचेत शोषले गेले. दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळून फवारण्याची पद्धत, बारीक तुषार उडवणारे स्वयंचलित पंप आणि मुखपट्टी, हातमोजे, चष्मा यांचा अभाव ही इतर कारणे सांगितली जातात. कोणते औषध किती प्रमाणात वापरावे, याचा सल्ला बहुतेक वेळा कृषी केंद्राच्या विक्रेत्याकडूनच मिळत असे.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराचे कार्य रोखतात. अशा विषबाधेत ॲट्रोपिन हे औषध उपयोगी पडते. डायफेन्थियुरॉन हे रसायन वेगळ्या प्रकारे, म्हणजे पेशींच्या ऊर्जानिर्मितीत अडथळा आणून काम करते व त्यावर विशिष्ट उतारा नाही. बाधितांमध्ये उलट्या, श्वसनाचा त्रास, बेशुद्धी आणि तात्पुरते अंधत्व ही लक्षणे दिसली. अनेकांवर यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात उपचार झाले.

== शासकीय कार्यवाही ==
राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी २ लाख रुपयांची मदत जाहीर केली. अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमण्यात आले. पथकाच्या अहवालात मोनोक्रोटोफॉसवर बंदीची शिफारस होती, तसेच विषबाधेच्या निदानासाठी लागणाऱ्या कोलिनेस्टरेज चाचणीची सोय रुग्णालयांत नसल्याकडे लक्ष वेधण्यात आले होते.

कीटकनाशक अधिनियम, १९६८ च्या कलम २७ नुसार एखाद्या कीटकनाशकाची विक्री राज्य शासन ६० दिवसांपर्यंतच रोखू शकते व ही मुदत आणखी ३० दिवसांनी वाढवता येते. कायमची बंदी घालण्याचा अधिकार केंद्र शासनाकडे आहे. त्यामुळे राज्याने मोनोक्रोटोफॉस व डायफेन्थियुरॉनसह काही कीटकनाशकांवर घातलेली बंदी तात्पुरती ठरली. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के या द्रावणाचा वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्याची अधिसूचना केंद्राने २०२३ मध्ये काढली.

== भरपाईतील अडचणी ==
गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विमा योजनेत कीटकनाशक हाताळताना होणाऱ्या विषबाधेचा समावेश होता. परंतु त्यासाठी सातबारा उतारा आवश्यक असल्याने इतरांच्या शेतात मजुरीने फवारणी करणारे भूमिहीन मजूर तिच्या बाहेर राहिले.

न्यायालयीन दाव्यांत पुरावा ही मुख्य अडचण ठरते. मजुराजवळ औषधाची पावती नसते, रिकामा डबा फेकून दिलेला असतो आणि मिश्रण फवारले असल्यास नेमक्या कोणत्या घटकामुळे इजा झाली हे सिद्ध करणे अवघड असते. सुरक्षा साधने वापरली नाहीत, असा युक्तिवाद करून जबाबदारी बाधितावरच टाकली जाते. त्याला उत्तर देताना बाधितांचे वकील असा मुद्दा मांडतात की, ही साधने परवडत नाहीत व विदर्भाच्या उष्म्यात ती घालून काम करणे शक्य नाही, हे उत्पादकाला आधीपासून ठाऊक असते.

== न्यायालयीन लढा ==
=== नागपूर खंडपीठ ===
विषबाधेच्या घटनांनंतर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. भरपाई, दोषींवरील कारवाई आणि तपास पथकाचा अहवाल हे विषय तिच्या सुनावणीत आले.

=== बाझेल येथील दावा ===
डायफेन्थियुरॉन असलेले ‘पोलो’ हे कीटकनाशक सिंजेंटा या बाझेलस्थित कंपनीचे आहे. स्वित्झर्लंडच्या बाजारातून हे रसायन २००९ मध्येच हटवण्यात आले होते, मात्र त्याची निर्यात सुरू होती. यवतमाळ पोलिसांच्या नोंदींत पोलोशी संबंधित ९६ विषबाधा प्रकरणे असून त्यांपैकी दोन मृत्यूची आहेत, असे पब्लिक आय व युरोपियन सेंटर फॉर कॉन्स्टिट्यूशनल अँड ह्यूमन राइट्स या संस्थांनी मांडले.

सप्टेंबर २०२० मध्ये दोन मार्ग एकाच वेळी अवलंबण्यात आले. ५१ बाधित कुटुंबांच्या वतीने आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्विस राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार करण्यात आली. दुसरीकडे, पती गमावलेल्या दोन महिला व विषबाधेतून वाचलेला एक शेतकरी यांनी स्विस उत्पादन दायित्व कायद्याखाली भरपाईची मागणी केली. या कायद्यानुसार हानीची माहिती झाल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. सलोख्याचा प्रयत्न निष्फळ ठरल्यावर २०२१ मध्ये प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले. दावेदारांची बाजू स्विस वकील सिल्व्हिओ रीझेन यांच्याकडे आहे. राष्ट्रीय संपर्क केंद्रापुढील प्रक्रिया समेटाविना संपली.

=== कंपनीची भूमिका ===
सिंजेंटाने आरोप नाकारले असून या घटनांना पोलो कारणीभूत असल्याचा पुरावा नाही, अशी भूमिका घेतली आहे.

== इतर देशांतील समान दावे ==
उत्पादकाने धोक्याची पुरेशी सूचना दिली होती का, हा प्रश्न कीटकनाशकांप्रमाणेच औषधांच्या दाव्यांतही मध्यवर्ती असतो. पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरील औषधाशी संबंधित आत्महत्येच्या प्रकरणात शिकागो येथील ज्युरीने २०१७ मध्ये कुटुंबाला ३० लाख डॉलर मंजूर केले. औषधावरील सूचना ठरवण्याबाबतच्या संघीय कायद्याच्या आधारे अपील न्यायालयाने तो निकाल २०१८ मध्ये रद्द केला. त्या खटल्यातील वकील ब्रेंट विस्नर यांनी २०१८ मध्येच ग्लायफोसेट तणनाशकाविरुद्ध सॅन फ्रान्सिस्को येथे बाधिताची बाजू मांडली. तेथे मंजूर झालेली २८.९ कोटी डॉलरची भरपाई पुढे बरीच कमी करण्यात आली, पण कंपनीचे दायित्व कायम राहिले.

== परिणाम ==
स्वित्झर्लंडने डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस, पॅराक्वाट, ॲट्राझिन व मेथिडॅथिऑन या पाच कीटकनाशकांच्या निर्यातीवर जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. भारतात ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. सदोष उत्पादनाबरोबरच अपुऱ्या सूचनांमुळे झालेल्या हानीसाठीही त्यात उत्पादकाला जबाबदार धरता येते. हा अधिनियम जुलै २०२० मध्ये लागू झाल्याने २०१७ च्या बाधितांना मात्र त्याचा आधार मिळाला नाही.

== हेही पहा ==
* वणी
* बीटी कापूस
* भोपाळ वायू दुर्घटना
* कासारगोड एंडोसल्फान प्रकरण